आयकॉनमागच्या सोन्यात आठ टोकांचे तारे चालतील का?

वर्खवेडी: नमस्कार मंडळी. सात वर्षं आयकॉन, म्हणजे ख्रिस्ती पूजेच्या चित्रफळ्या करतेय, अंड्याच्या बलकात रंग खलून, जुन्या पद्धतीने. गेली दोन वर्षं इस्लामी भूमिती आणि तझहीब, म्हणजे हस्तलिखितांची सोनेरी सजावटही शिकतेय. टेबल एकच, त्यामुळे कधीतरी हे होणारच होतं. मरियम आणि बाळ येशूच्या फळीवर, चेहऱ्यामागच्या गेसोत, म्हणजे फळीवरच्या पांढऱ्या लेपात, मी आठ टोकांच्या ताऱ्यांची जाळी कोरली आणि वर सोन्याचा वर्ख चढवला. मरियम कुराणातही आहे, 19वी सुरा तिच्याच नावाची. म्हटलं, दोन्ही घरची लेक आहे. कागदावर फार छान दिसत होतं हो! फळीवर मात्र तिच्या डोळ्यांकडे बघवत नाही, नजर जाळीतच फिरत राहते. चुकलंय ते हातात की कल्पनेत?

जुनी फळी: कल्पनेत. हीच चूक मी करून बसलोय, म्हणून एवढ्या खात्रीने सांगतो.

चेहऱ्यामागे असतं त्याला आपण सवयीने पार्श्वभूमी म्हणतो. रशियन आयकॉनकार त्याला ‘स्वेत’ म्हणतात, म्हणजे उजेड. उजेडाला नक्षी कशाला हवी? जाळीचा स्वभाव वेगळा. तिला मुक्कामच नसतो. फळी संपली तरी मनात ती पुढे सरकतच राहते. चेहरा म्हणतो थांब, जाळी म्हणते चल.

त्यात सोनंही दोन जातींचं. आयकॉनला ‘बोल’ नावाच्या तांबड्या मातीवर तोंडाने ‘हाऽऽ’ करून वाफ सोडायची, तेवढ्या ओलीवर पान धरतं, मग अकीकाने घोटायचं. त्याचा आरसा होतो. तझहीबला तेच पान मधात नाहीतर डिंकात बोटाने मळत बसायचं, मग धुऊन घ्यायचं आणि कुंचल्याने भरायचं. तिथे सोनं हा एक रंग असतो, निळ्याशेजारी शहाण्यासारखा बसतो. तुम्ही जाळी घेतली तिकडची आणि कोरली आरशात. प्रत्येक रेघेची कड चमकणार, आणि बलकात रंगवलेला चेहरा बिचारा त्यापुढे विझणार.

सांधेजोड: ‘उजेडाला नक्षी कशाला’ हे जरा घाईचं वाटलं, काका. सायप्रसच्या 13व्या शतकातल्या कितीतरी आयकॉनची जमीन गेसोच्या उठावदार वेलबुट्टीने भरलेली आहे. इटालियन चित्रकार जेंतिले दा फाब्रियानोच्या 1423 सालच्या मागींच्या (बाळ येशूला भेटायला आलेल्या पूर्वेकडच्या ज्ञानी पुरुषांच्या) आराधनेच्या चित्रात तर मरियमच्या प्रभावळीत अरबी अक्षरांसारखी नक्षी आहे. वाचायला गेलात तर काही लागत नाही, ते सोडा. आणि सिसिलीतल्या पालेर्मोचं राजवाड्यातलं चॅपल? राजा रॉजर दुसरा, 1140चं दशक. घुमटात ग्रीक धाटणीचा मोझेइकमधला ख्रिस्त, आणि सभागृहावर लाकडी मुकर्नसांचं (मधाच्या पोळ्यासारख्या लोंबत्या कोनाड्यांचं) रंगवलेलं छत, त्यावर अरबी लेख.

जुनी फळी: सायप्रसचं मान्य, तिथे मी हरलो. पालेर्मो मात्र माझ्याच बाजूने बोलतंय! ख्रिस्ताच्या चेहऱ्यामागे मुकर्नस नाहीत. एका छपराखाली, पण आपापल्या खोलीत.

वर्खवेडी: म्हणजे तारे काठावर न्यायचे. फळीला उंचवट्याचा काठ आहेच, 3 सेमीचा. पण फळी 30 बाय 40. काठाएवढे 3 सेमीचे तारे धरले तर आडवे 10 बसतात, उभे 13 बसून 1 सेमी उरतो. कोपऱ्यात तारा कापणं जिवावर येतं.

जुनी फळी: चारही कोपऱ्यांत 3 सेमीचे कोरे चौकोन ठेवा. मधे उरले 24 आणि 34. तारा 2 सेमीचा करा, दोन्हीकडे अर्ध्या सेमीची साधी पट्टी. आडवे 12, उभे 17, काही उरत नाही. काठावर मळलेलं सोनं वापरा, घोटू नका.

खुशनवीस: तारे ठीक. काठावर आयत, म्हणजे कुराणातलं वचन, लिहायचा मोह झालाच तर आवरा. आम्ही सुलेखनकार अलिफ या अरबी अक्षराची उंचीसुद्धा नुक्त्याने, म्हणजे लेखणीच्या ठिपक्याने मोजतो. तोच नुक्ता नक्षीच्या नादात इकडचा तिकडे झाला की शब्द दुसराच होतो.

वर्खवेडी: आयत नाही लिहीत, एवढी अक्कल आहे. जाळी गेसोपर्यंत खरवडून काढली, दोन संध्याकाळी गेल्या. सोनं पुडीत जमा केलंय, टाकवत नाही.

काठ आखला. 12 सम आहेत, म्हणून वरच्या पट्टीत मधोमध तारा येत नाही, दोन ताऱ्यांमधला सांधा येतो. टोकाला टोक लागतं आणि वरखाली अर्धा अर्धा क्रूस उरतो. तोही नेमका तिच्या मस्तकावर! मी मुद्दाम नाही केलं, देवाशपथ. ठेवू का?

सांधेजोड: इराणात 13व्या शतकात इल्खानांच्या, म्हणजे तिथल्या मंगोल राजांच्या, राजवाड्याच्या भिंतींवर तारा आणि क्रूस अशाच फरशा बसवल्यात. ताऱ्यांमधे उरलेल्या जागेचा आकारच तो, तिथे त्याला ख्रिस्ताशी काही देणंघेणं नव्हतं. तुमच्या फळीवर असेल. ठेवा.

जुनी फळी: ठेवा. आणि मागचा वर्ख पुन्हा चढवताना पंखा बंद करा, मागच्या वेळी विसरला होतात.