सोलापूरच्या उन्हात व्हिटॅमिन सी सीरम टिकतं का?

स्कूटीवाली_सोलापूर: रोज होटगी रोड ते सात रस्ता करून चेहरा पार रापलाय म्हणून सीरम घेतलं, आधी पाण्यासारखं होतं, ड्रेसिंग टेबलवर राहून आता चहासारखं दिसतंय. लावू का टाकू?

गड्डा_फॅन: टाका. एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजे सीरममधलं व्हिटॅमिन सी, हवा, उजेड, गरमी लागली की ऑक्सिडाइज होतं, म्हणजे खराब होतं, आणि आपल्याकडं मे मध्ये पारा ४३ ला टेकतो मग काय होणार. फिकट पिवळं चाललं असतं, तपकिरी नाही. पुढची बाटली गडद काचेची, छोटी घ्या नि फ्रीजमध्ये ठेवा.

मधुराताई: सुरुवातीला १० टक्केवालं बास, २० च्या वर नुसती चुरचुर वाढते. सकाळी तोंड पुसून कोरडं करून ३-४ थेंब, वर मॉइश्चरायझर, मग एसपीएफ ३० तरी असलेलं सनस्क्रीन. ते लावायचा कंटाळा असेल तर सीरमवर पैसे घालूच नका.

अण्णा_६२: एवढं कशाला, लिंबू चोळा की!

मधुराताई: अहो अण्णा, लिंबू लावून उन्हात गेलं की फोड येतात, काळे डाग राहतात. लिंबू पोह्यावरच पिळा.

स्कूटीवाली_सोलापूर: 😄 गोरी होईन का पण?

मधुराताई: नाही गं. डाग, टॅन हलके होतात, तेही दोन-तीन महिने लावल्यावर. मूळ रंग तोच राहतो.