पेट शॉप बॉइज ‘वाजवत’ नाहीत, म्हणून काय बिघडले?

सायंस्वर : ‘पट्टीचा श्रोता’ यांनी काल लिहिले की, पेट शॉप बॉइज ही ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक पॉप संगीताची जोडी म्हणजे एक गाणारा, एक टोपी घालून नुसता उभा राहणारा आणि बाकी सगळे यंत्र, चाळीस वर्षे यांनी एकच आवाज विकला आणि आता जुन्या गाण्यांवर तिकिटे खपवत हिंडत आहेत. वाचता वाचता माझा चहा गार झाला, म्हणून हे सविस्तर उत्तर.

या जोडीतला गायक नील टेनंट आणि कीबोर्ड सांभाळणारा ख्रिस लो 1981 च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या किंग्ज रोडवरील इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानात भेटले, तेव्हा टेनंट प्रकाशन व्यवसायात होता आणि लो लिव्हरपूलला वास्तुकला शिकत होता. पुढे टेनंट ‘स्मॅश हिट्स’ या पॉप संगीताच्या मासिकात लागला, 1983 मध्ये ‘द पोलीस’ या बँडवर लिहिण्यासाठी न्यू यॉर्कला गेला आणि त्याच फेरीत बॉबी ऑर्लँडो या आपल्या आवडत्या निर्मात्याला गाठून त्याने ध्वनिमुद्रणाचे जमवले. 1984 मधले ‘वेस्ट एंड गर्ल्स’ त्याचेच. पण दोघांनी तो करार मोडला आणि स्टीफन हेग या दुसऱ्या निर्मात्याकडून 1985 मध्ये ते गाणे नव्याने करून घेतले. 1986 मध्ये अव्वल ठरले ते हे दुसरे रूप. एकच आवाज विकणारी माणसे पहिल्याच गाण्याला असे परत हात घालत नाहीत.

1988 चा ‘इंट्रोस्पेक्टिव्ह’ हा अल्बम म्हणजे नाचघरासाठी केलेली सहाच लांबलचक गाणी. आणि दोनच वर्षांनी हे दोघे म्युनिकला हॅरॉल्ड फाल्टरमायर या निर्मात्याकडे जाऊन, जुने अ‍ॅनालॉग सिंथेसायझर वापरून, ‘बिहेवियर’सारखा संथ, खिन्न अल्बम करतात. हा फरक ज्याला ऐकू येत नाही, त्याने पट्टीबद्दल बोलावे का, हे मी त्याच्यावरच सोपवतो.

पट्टीचा श्रोता : सनावळी पाठ आहे, अभिनंदन. माझा प्रश्न रंगमंचाचा होता. 1989 पर्यंत यांनी दौरा का काढला नाही? वाजवता येत नव्हते म्हणूनच ना?

सायंस्वर : लो लहानपणी ट्रॉम्बोन वाजवत असे आणि नाचाच्या बँडमध्येही होता, तेव्हा ‘वाजवता येत नव्हते’ हे निदान त्याच्यावर खपणार नाही. 1986 मध्ये आखलेला दौरा त्यांनी सोडला तो खर्चामुळे, कारण त्यांना कार्यक्रम नाटकासारखा उभा करायचा होता. 1989 मध्ये हाँगकाँग, जपान आणि ब्रिटन असा दौरा निघाला, तेव्हा डेरेक जार्मन या चित्रपट दिग्दर्शकाने त्यासाठी खास चित्रफिती केल्या. 1991 चा दौरा तर ऑपेराच्या दिग्दर्शकांनी बसवला. गिटारवाल्याने घाम गाळून दाखवावा, या अपेक्षेलाच त्यांचा विरोध आहे.

पट्टीचा श्रोता : घामाची टिंगल करू नका. माझे वडील मुंबईच्या ऑर्केस्ट्रात अ‍ॅकॉर्डियन वाजवत. गणपतीचे दहा दिवस आम्हाला ते दिसत नसत, आणि त्यावरच आमची शाळेची फी भरली जाई. मग एका संयोजकाने सिंथेसायझर आणला. तीन वर्षांत सात वादकांची जागा एका मुलाने घेतली आणि वडील शेवटी एका पतपेढीत वसुलीला जाऊ लागले. यंत्राचे कौतुक माझ्यापुढे करू नये.

भाता : पेटीने सारंगीची जागा घेतली तेव्हा सारंगियांनाही हेच सांगायचे होते, पण त्यांचे ऐकले कोणी? पेटी हीसुद्धा परदेशातूनच आलेली. आकाशवाणीने 1940 मध्ये तिच्यावर बंदी घातली आणि ती तीन दशके टिकली. आज पेटीशिवाय नाट्यसंगीताची कल्पना करून दाखवा. ज्या वाद्याने आधीच्याची भाकरी घेतली, तेच पुढे परंपरा म्हणून मिरवते.

पट्टीचा श्रोता : पेटीला भाता हाताने मारावा लागतो, एवढा फरक तरी आपल्या नावाला जागून लक्षात घ्या.

भाता : आणि सिंथेसायझरची पट्टी दाबायला काय मंत्र लागतो? माझी बहीण इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर वीस वर्षे रियाज करते आहे. तिचा सूर खोटा आहे, असे तिच्या तोंडावर म्हणण्याची तुमची हिंमत आहे का?

सायंस्वर : आपण दोघे लंडनहून थेट पेटीवर आलात. श्रोते, आपल्या वडिलांवर अन्याय झाला, हे मला मान्य आहे. परंतु तो ज्या संयोजकाने केला, त्याचा राग या दोघांवर काढणे न्यायाचे नाही.

पट्टीचा श्रोता : न्याय तुम्ही शिकवू नका. 2022 पासूनच्या ‘ड्रीमवर्ल्ड’ दौऱ्याचे बोला, जो उघडपणे केवळ गाजलेल्या गाण्यांचाच आहे. नाटक, ऑपेरा, नावीन्य म्हणत होतात, ते कुठे गेले?

सायंस्वर : इथे मात्र आपला मुद्दा मला गिळावा लागतो. ‘इलेक्ट्रिक’ हा 2013 चा अल्बम स्वतःच्या लेबलवर काढण्याची धमक दाखवणाऱ्यांनी गाजलेल्या गाण्यांपुरता दौरा करावा, हे मलाही थोडे टोचते. तरीही 2004 मध्ये लंडनच्या ट्रफाल्गर चौकात, ‘बॅटलशिप पोटेम्किन’ या मूकपटासाठी स्वतः रचलेले संगीत त्यांनी ड्रेस्डेनच्या वाद्यवृंदासह हजारो लोकांपुढे विनामूल्य सादर केले, तेही हिशेबात धरा.

पट्टीचा श्रोता : त्या चौकात व्हायोलिनवाल्यांना बसवले होते आणि त्यांना मानधनही मिळाले असेल, तेवढ्यापुरते मी आपले मानतो. तिथे अ‍ॅकॉर्डियनला खुर्ची होती का, हे मात्र कोणी सांगितलेले नाही.

भाता : पेटीलाही नव्हती. तेव्हा या एका बाबतीत आपण दोघे एका पंगतीत.