कारखान्याकडे दुरुस्तीला पाठवताना

'बंदूक नीट खोक्यात घालून कुरिअर करा, कारखाना दुरुस्त करून परत पाठवेल' असा सल्ला काही जण देतात, त्याच्याशी मी अजिबात सहमत नाही. शस्त्र हे मिक्सर नव्हे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो, म्हणून माल परवानाधारक विक्रेत्यामार्फतच जाऊ द्या. काडतुसे सोबत अजिबात नकोत.

पण कुणी न सांगितलेली गोष्ट अशी, की विक्रेत्यापर्यंत शस्त्र परवानाधारकानेच न्यायला हवे असे नाही. याच कायद्याच्या कलम ३ च्या परंतुकानुसार, म्हणजे कलमाला जोडलेल्या अपवादानुसार, परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसऱ्या माणसाला दुरुस्तीसाठी ते नेता येते. आमची शेती शिराळ्याकडे, रानडुकरांमुळे वडिलांच्या नावावर बारा बोअरची दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक आहे. त्यांचा पाय प्लास्टरमध्ये असताना बंदुकीचा घोडा अडकायला लागला. वडिलांच्या सहीचे पत्र, त्यात बंदुकीचा क्रमांक, माझे नाव, दुकानाचे नाव आणि तारीख, शिवाय परवान्याची प्रत, एवढे घेऊन मी गेलो. वाटेत नाक्यावर पोलिसांनी थांबवले, पत्र वाचले, सोडले.

चूक झाली ती परतताना. दुकानदाराने पावतीवर क्रमांकातला एक आकडा चुकवला आणि मी तो तिथे ताडून पाहिला नाही. पुढे निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा करायची वेळ आली, तेव्हा कागद जुळेना. वडिलांना कुबड्या घेऊन दोनदा खेटे घालावे लागले, त्याचे मला अजून वाईट वाटते. नळीवरचा क्रमांक, पावती आणि परवाना काउंटरवरच शेजारी ठेवून वाचा, मगच सही करा.