पाढे म्हणजे पोपटपंची? मग गणित कशाला म्हणायचं?

माहीमकर: काल इथे एकाने लिहिलं, 'पाढे पाठ करणं ही पोपटपंची आहे. २०१९ला बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीससाठी "वीस एक, वीस दोन" आणलं, त्यावर उगाच गदारोळ झाला.' वाचून संताप आला. माझे वडील लालबागला गिरणीत, शिक्षण चौथी. पावकी, निमकी, दिडकी, औटकी, म्हणजे पाव, अर्धा, दीड, साडेतीनचे पाढे तोंडपाठ. पगाराचा हिशेब कारकुनाच्या आधी सांगायचे. आधी पाठ करा, समज मागून येते. बोल पाठ नसताना तबला वाजवलाय कुणी?

चेंबूरची बाई: तुमची गल्लत इथेच होते. संख्यांची नावं ही भाषा आहे, गणित नाही. 'पंचवीस' म्हटलं की माझ्या वर्गात दरवर्षी चारपाच मुलं ५२ लिहितात, कारण पाच आधी ऐकू येतो. कानडीत 'इप्पत्तैदु', आधी वीस मग पाच. ऐकलं तसं लिहायचं. त्र्याण्णवसारख्या जोडाक्षरांनी गणिताची धास्ती बसते, असं गणितज्ञ मंगला नारळीकर सांगत होत्या. ऐकून कुणी घेतलं?

गिरगाव७२: सोपं करता करता उरणार काय? माझी नात इंग्रजी शाळेत. फोन नंबर सांगताना 'एकोणसत्तर' म्हटलं, तर विचारते, 'सिक्स्टी नाइन की सेव्हन्टी नाइन?' मराठी घरातलं पोर!

अंधेरी पूर्व: तिला तिथे घातलं कुणी?

गिरगाव७२: आमच्या घरात नाक खुपसू नका. जवळची मराठी शाळा बंद पडली.

अंधेरी पूर्व: पट का घसरला? तुमच्यासारख्यांनीच पोरं काढली म्हणून! माझी मुलगी मराठी माध्यमात आहे. सोसायटीत लोक विचारतात, 'पैशाची अडचण आहे का?' हे रोज ऐकून घेतो आम्ही. आणि तुम्ही एकोणसत्तरसाठी रडता?

गिरगाव७२: मुलगा-सुनेचा निर्णय होता. मी भांडलो, हरलो. आता बास.

माहीमकर: अहो, विषय पाढ्यांचा आहे!

चेंबूरची बाई: मग ऐका. तिसरीत सत्तावन्नला ७५ लिहिलं म्हणून मला पट्टी बसली होती. वळ गेला, पण गणिताच्या तासाला पोटात गोळा यायचा तो दहावीपर्यंत. तुमचं ते पाठांतर पट्टीच्या जोरावर चालायचं. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने मारायला बंदी आली, आता काय करणार? बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडला शाळाच मुलांच्या अंगणात नेली, ती काय पाठ करून घ्यायला?

माहीमकर: पट्टीची बाजू मी घेतलेली नाही. ५२-२५चं म्हणाल तर खरं आहे, माझ्या मुलानेही तेच केलं होतं. पण सात आठे बोटांवर मोजणारा मुलगा भागाकार कधी शिकणार?

चेंबूरची बाई: तेवढं मान्य. दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधून झाल्या की पाढे मीही पाठ करून घेते. त्याआधी नाही म्हणजे नाही.

गिरगाव७२: आज नातीला सांगितलं, एकोण म्हणजे एक कमी. एकोणतीस, एकोणचाळीस, थेट एकोणनव्वदपर्यंत स्वतः गेली. पुढे म्हणाली, 'एकोणशंभर.' बाई, नव्व्याण्णव कसं समजावू तिला?