काजूच्या डॅशबोर्डवर मार्जिन मे महिन्यात उणे, चतुर्थीला ७० टक्के. चूक कुठे?

प्रश्न (वेंगुर्ले)
काजू प्रक्रियेचं छोटं युनिट आहे. टॅलीतून (हिशेबाचं सॉफ्टवेअर) आकडे एक्सेलमध्ये घेऊन महिन्याचा डॅशबोर्ड करतो. सूत्र: विक्री वजा खरेदी, भागिले विक्री. एप्रिल-मेमध्ये मार्जिन उणे दिसतं, चतुर्थीच्या महिन्यात ७० टक्के. तुकडा (फुटलेला गर) बारमाही तोट्यात. शिवाय ऑनलाइन पोर्टलची विक्री बँकेतल्या जमेशी जुळत नाही.

उत्तर १
वर्षभराची बी तुम्ही दोन-अडीच महिन्यांत भरता आणि ती सगळी त्याच महिन्यांच्या खर्चात टाकता. मार्जिन उणेच येणार. खरेदीऐवजी विकलेल्या मालाची किंमत धरा: सुरुवातीचा साठा + खरेदी + कटिंग, सोलणी, ग्रेडिंगची मजुरी − अखेरचा साठा. साठ्याचे तीन रकाने हवेत: बी, अर्धवट माल, गर. दर महिनाअखेर गोणी मोजा. टॅलीतल्या आकड्यावर विसंबू नका.

वाळवणीतली घट बहुतेक जण विसरतात. १,००० किलो बी १२० रुपयांनी घेतली आणि वाळून ९४० किलो उरली, तर दर १२७.६६ झाला. उतारा (बीतून किती गर निघतो ते प्रमाण) कोरड्या वजनावर काढलात तर गुणाकारही कोरड्या वजनानेच करा.

शेतकऱ्याकडून घेतलेल्या बीवर रिव्हर्स चार्जने (विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने) भरलेला ५ टक्के जीएसटी क्रेडिटमध्ये, म्हणजे पुढच्या करातून वजावट म्हणून, परत मिळतो. तो बीच्या किमतीत मिसळू नका.

उत्तर २
तुकडा तोट्यात नाही, वाटणी चुकतेय. समजा बी १,२०,००० ची, प्रक्रिया २५,०००, टरफल विकून ६,५०० आले. निव्वळ खर्च १,३८,५००. गर निघाला २५० किलो, म्हणजे सरसकट ५५४ रुपये किलो. तुकडा ५२५ ला जातो, म्हणून लाल दिसतो. पण एकाच बीतून अख्खा, पाकळी (अर्धा गर), तुकडा सगळंच निघतं; खर्च विक्रीमूल्याच्या प्रमाणात वाटा:

अख्खा १५० किलो × ८०० = १,२०,०००
पाकळी ६० × ६५० = ३९,०००
तुकडा ४० × ५२५ = २१,०००

एकूण १,८०,०००. खर्चाचं प्रमाण ७६.९४ टक्के, म्हणून तुकड्याची किंमत सुमारे ४०४. ग्रॉस मार्जिन (विक्रीतून मालाची किंमत वजा जाता उरतं ते) २३.०६ टक्के. या पद्धतीत सगळ्या ग्रेडचं मार्जिन सारखंच येतं, त्यामुळे ग्रेडनिहाय मार्जिनचा आलेख काढण्यात अर्थ नाही. त्याऐवजी एकूण गरात अख्खा किती, ते प्रमाण डॅशबोर्डवर लावा; कटिंग बिघडलं की पहिल्यांदा तेच घसरतं.

उत्तर ३
पोर्टलचं: बँकेत आलेली रक्कम म्हणजे नेट रेव्हेन्यू (निव्वळ विक्री) नव्हे. बिलातून जीएसटी, परतावा आणि सवलत वजा करा, बस्स. ५ टक्के जीएसटीसह १,०५० चं बिल असेल तर १,०००. मात्र खारवलेल्या काजूवर २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी १२ टक्के होता, तेव्हा जुन्या बिलांना सरसकट १.०५ ने भागू नका. पोर्टलने कापलेला ०.५ टक्के टीसीएस (जीएसटीपोटी) आणि ०.१ टक्के टीडीएस (आयकरापोटी) हे येणं आहे, खर्च नाही. कमिशन आणि कुरिअर विक्रीखर्चात, ग्रॉस मार्जिनच्या खाली.

प्रश्नकर्ता
दुकानदारांना वर्षअखेर देतो ती सवलतीची स्कीम?

उत्तर ३
ती विक्रीतूनच वजा. आणि मार्चची वाट पाहू नका, दर महिन्याला अंदाजे तरतूद टाका. नाहीतर मार्च पुन्हा खड्ड्यात जाईल. चतुर्थीनंतर परत आलेल्या पाकिटांची क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी करणारा कागद) मूळ बिलाच्या नंबराशी जोडून ठेवा, म्हणजे कुठल्या महिन्याचा माल परत आला ते कळेल.