सीमेच्या अल्याड-पल्याड: लॉकडाऊनमधले आपले दिवस

लॉकडाऊनच्या आठवणी काढल्या की काढा, थाळ्या आणि डालगोना कॉफी निघते. ती सगळीकडे होती, ती इथे नको. आपल्या भागाचे काय झाले ते लिहा.

२५ मार्च २०२० ला देश बंद झाला तेव्हा इतर ठिकाणी माणसे घरात अडकली. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीत घरेच दोन राज्यांत अडकली. लेक चंदगडला दिलेली, भाजीचे गिऱ्हाईक गोव्यात, दवाखाना बेळगावात, पोरगा पुण्यात. १९५६ पासून ज्या रेषेवरून आपण भांडतोय ती रोजच्या जगण्यात एवढी आडवी कधी आली नव्हती. मुंबईचे नियम वेगळे, बंगळूरचे वेगळे, आणि दोन्हींचा मेळ घालायचा आपण.

माझे थोडक्यात सांगते. मी बेळगावात अनगोळला, आई सीमेपलीकडे महाराष्ट्रात शिनोळीजवळ. तिची रक्तदाबाची गोळी बेळगावातूनच जाते. हद्दीवर बाचीजवळ रस्ता अडवल्यावर गोळी दुधाच्या गाडीतून जायला लागली, कारण दुधाला अडवत नव्हते. परतीच्या फेरीत आई त्याच पिशवीत ओले काजू घालून पाठवायची. भेट मात्र पाऊस लागल्यावरच झाली.

आता तुम्ही लिहा. लांब, आखूड, चिडून, कसेही.

कडोली, शेतकरी

कोबी, फ्लॉवर, ढबू, गाजर, आमचे सगळे गोव्यावर चालते. व्यापारी रात्री गाडी भरतो, चोर्ला घाट उतरतो आणि सकाळी माल म्हापशाच्या बाजारात असतो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तिकडची हद्द बंद झाली तेव्हा माझा कोबी तोडणीला आलेला. तयार गड्डा शेतात थांबत नाही. ऊन वाढले, एखादे पाणी जास्त झाले की तडकतो. तोडणीची मजुरी, पोती, गाडीभाडे असा हिशेब घातला तर न तोडणे स्वस्त पडत होते. शेवटी धनगराला म्हटले, बकरी घाल. त्याने घातली. जाताना मलाच विचारतो, "आण्णा, घरात मीठ हाय काय जास्तीचं? दुकान उघडंना झालंय."

भाजीच्या गाड्यांना पुढे पास मिळाले, पण तोवर माझ्या रानात रोटर फिरला होता. टीव्हीवर गोव्यात भाजीसाठी लागलेल्या रांगा दाखवत होते. ते बघून बायकोने टीव्हीच बंद केला.

म्हापसा, मूळचा जांबोटीचा

कडोलीच्या दादांना सांगतो, त्या रांगेत मी होतो. गोव्यात पहिले काही दिवस किराणासुद्धा बंद ठेवला होता. मी हॉटेलात कामाला. हॉटेल बंद, मालक म्हणाला राहा पण जेवायचे तुमचे तुम्ही बघा. आमच्यातले काहीजण घाटातून चालत गावाकडे निघाले, काही परत फिरले. मी निघालोच नाही. डाळ-भात खाल्ला, नंतर नुसता भात. तुमचा कोबी इथे आला असता तर पाहिजे तो दर दिला असता.

खानापूर तालुका, तेव्हा पुण्यात नोकरीला

मी चाकणला ठेकेदारीवर कामाला होतो. खोलीवर आम्ही चौघे. मेस बंद झाली आणि खरा प्रश्न सुरू झाला, कारण चौघांपैकी एकालाही धड भात येत नव्हता. भाड्यासाठी मालकाने तगादा लावला नाही, एवढे त्याचे उपकार.

गावी जायचे तर कर्नाटकाच्या सेवा सिंधू पोर्टलवर अर्ज आणि इकडच्या पोलिसांचा वेगळा पास. दोन्ही एकाच वेळी हातात असायला पाहिजेत. एक आला की दुसऱ्याची तारीख संपलेली असायची. दोन्ही जमले असे वाटले तेवढ्यात १८ मे ला कर्नाटकाने महाराष्ट्रातून येणाऱ्यांना महिनाअखेरपर्यंत बंदी घातली. म्हणजे माझ्याच गावाला मी बाहेरचा.

जूनमध्ये गडहिंग्लजच्या मित्राच्या गाडीवर बसून निघालो. कागलला महाराष्ट्राची तपासणी, मग दूधगंगेचा पूल, मग कोगनोळीला कर्नाटकाची रांग. ही रांग लांब होती, सावली नव्हती. पोलीस प्रत्येकाला विचारत होता, "याव ऊर री?" मी खानापूर म्हटल्यावर तोच म्हणाला, "मग तिकडं बस गा, तुमची गाडी यायची हाय." कपाळाला थर्मामीटर लावला, हातावर शिक्का मारला आणि बसमध्ये घातले.

सात दिवस गावच्याच मराठी शाळेत ठेवले. बाक भिंतीला सरकवून सतरंज्या टाकलेल्या. जूनमधला खानापूरचा पाऊस ज्याला माहीत आहे त्याला कौले कुठे कुठे गळत असतील ते सांगायला नको. एक बाथरूम, मुंबईहून आलेले एक कुटुंब, दोन म्हातारे आणि आम्ही. पत्ते खेळू नका असे बजावले होते, आम्ही खेळलो. दुसरे करणार काय?

त्रास पावसाचा नव्हता एवढा गावाच्या नजरेचा झाला. रस्त्याच्या पलीकडे उभे राहून माणसे विचारायची, "पुण्यात लई हाय म्हणे?" ज्यांच्या गणपतीची आरास मी दरवर्षी पुण्याहून आणतो ते काका शाळेच्या बाजूला मान वळवत नव्हते. आई भाकरी आणि सुक्या बांगड्याचे कालवण घेऊन यायची, डबा कठड्यावर ठेवून मागे सरायची. रिकामा डबा ती घरी न नेता गेटबाहेरच राखेने घासायची. घरी घासला असता तरी चालला असता, पण बघणारे होते ना.

नंतर चौदा दिवस घरी पडवीत, दारावर चिकटवलेला कागद. मधेच ठेकेदाराचा फोन, लगेच येतोस का नाहीतर दुसरा घेतो. कसा जाणार? आता बेळगावात उद्यमबागेत फौंड्रीत आहे. पगार कमी आहे, पण कामावर जायला पास लागत नाही.

निपाणी, विडी कामगार

मी सांगते, लेक लिहिते आहे. टीव्हीवर सगळे घरून काम, घरून काम करत होते. आम्ही लग्न होऊन आल्यापासून दुसरे काय करतो? सूप मांडीवर घ्यायचे, पान कातरायचे, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजार विड्यांवर. कारखाना बंद झाला म्हणजे पान नाही, तंबाखू नाही, घर आहे पण काम नाही. जनधन खात्यावर तीन महिने पाचशे-पाचशे आले. रेशनला तांदूळ वाढवून दिला, पण आमच्या माणसांना भाकरी लागते, ज्वारी विकतच.

आणि गंमत ऐका. तंबाखू विकायला बंदी, त्यामुळे गल्लीतली म्हातारी माणसे अंधार पडला की आमच्या दारात. "आक्का, एक बंडल असलं तर बघ की." कारखान्याने छाट म्हणून काढलेल्या विड्या एका डब्यात पडून होत्या, त्या वाटल्या. ज्या विडीला मजुरी मिळाली नव्हती तिच्यासाठी माणसे हात जोडत होती.

बेळगाव, वडगाव

आमच्याकडे माग. रात्रंदिवस खडखडाट, त्यातच पोरे वाढली. माग थांबल्यावर सासूबाईंना झोप लागेना, रात्री उठून बसायच्या. सूत येत नव्हते, तयार साड्या उचलायला कोणी नव्हते आणि लग्नसराई हातची गेली. नवरा आयुष्यात पहिल्यांदा दिवसभर घरात होता. तो काय करायचा विचारू नका. दर तासाला चहा मागायचा.

बेळगाव, नाव नको

४ मे २०२० ला दारूची दुकाने उघडली. मी सकाळी सातपासून रांगेत. रांगेत पुढे आमचे शाळेचे सर. दोघांनीही मास्क आणखी वर ओढला. एवढेच.

कणकुंबीकडचा शिक्षक

त्या वर्षीच्या दहावीबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. सीमेपलीकडे महाराष्ट्रात दहावीचा एकच पेपर राहिला होता, २३ मार्चचा भूगोल. तो आधी पुढे ढकलला, मग रद्दच केला. आमच्या मुलांचा एकही पेपर झाला नव्हता. तारीख ठरत नव्हती, मुले अभ्यास करून करून कंटाळली आणि अखेर २५ जूनला, भर पावसात परीक्षा सुरू झाली. चंदगडच्या मावसभावाचा पेपर रद्द झाल्याचे कळल्यापासून एक पोरगा रोज फोन करायचा, "सर, आमचा बी एकांदा रद्द करा की."

मग ऑनलाइन आले. दूरदर्शनच्या चंदना वाहिनीवरचे धडे कन्नडमध्ये, आमची शाळा मराठी माध्यमाची. मलप्रभेच्या उगमाच्या या मुलखात पाण्याला तोटा नाही, रेंजला आहे. घाटाच्या एका वळणावर गोव्याकडच्या टॉवरची रेंज सापडायची. तिथे मुले छत्र्या धरून उभी, एका फोनवर तिघे-चौघे. मी पाठवलेला व्हिडिओ उतरवून घ्यायचा आणि घरी जाऊन बघायचा. वाटेत गवा दिसला तर त्या दिवशीचा अभ्यास बुडाला. ऑगस्टपासून विद्यागम म्हणून आम्हीच वाड्यावस्त्यांवर जायला लागलो, देवळाच्या ओसरीवर फळा टेकवून. मला विचाराल तर त्या दोन वर्षांत खरे शिक्षण त्या ओसरीवरच झाले, पण ऑक्टोबरात तेही थांबवले. त्या बॅचमधल्या दोन मुली पुन्हा शाळेत आल्याच नाहीत. एकीचे लग्न झाले होते.

बेळगाव, शहापूर

लग्नावरून आठवले. दिराचे लग्न मे महिन्यात, नवरी गडहिंग्लजची. पन्नास माणसांची परवानगी होती, पण सीमा ओलांडायचा पास आम्हा पाचजणांनाच मिळाला. नवरीचा मामा संकेश्वरचा, म्हणजे कर्नाटकातला. एरवी गडहिंग्लजहून अर्ध्या तासाची वाट, पण मधे राज्य आले. मामा व्हिडिओ कॉलवर. एक पोरगे फोन धरून अंतरपाटाशेजारी उभे, आणि मंगलाष्टकाच्या ऐन मध्यात रेंज गेली. मामा अजून म्हणतात, "मी सावधान ऐकलेलं नाही, तुमचं लग्न लागलं की नाही मला ठाऊक नाही."

चंदगड

मी पलीकडची, पण दवाखान्यापुरते आम्ही बेळगावचेच. कोल्हापूर शंभरेक किलोमीटर, बेळगाव त्याच्या निम्म्याहून कमी. सासऱ्यांचे आठवड्यातून दोनदा डायलिसिस तिथे. २०२० मध्ये कागदपत्रे दाखवून कसेबसे निभावले. २०२१ मध्ये महाराष्ट्रातून येणाऱ्याला बहात्तर तासांच्या आतला आरटीपीसीआर रिपोर्ट लागायला लागला. स्वॅब दिल्यावर रिपोर्ट यायला दोन दिवस, म्हणजे हातात आला तेव्हा त्याचा एकच दिवस उरलेला. त्यात डायलिसिस दोनदा. हे गणित ज्याने कोणी घातले त्याच्या घरात किडनीचा पेशंट नसणार.

नाक्यावरच्या माणसांना दोष देत नाही. एकाने सासऱ्यांच्या दंडावरचा फुगलेला फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी केलेली शिरेची जोडणी, बघितला आणि काही न विचारता फाटक उघडले. पुढच्या वेळी तिथे दुसरा होता, त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. सासरे बाही वर करूनच गाडीत बसायला लागले. एकदा परत पाठवले तेव्हा रात्रभर त्यांना धाप लागली होती. आम्ही उशाशी बसून होतो, कोविडचा पेशंट समजून कोणी घरात पाऊल टाकेना. ते पुढच्या वर्षी गेले, त्यांच्या जुन्या आजाराने.

गणपत गल्ली, किराणा दुकानदार

२०२१ चे निघाले म्हणून सांगतो. आपले खासदार, रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी सप्टेंबर २०२० मध्ये कोविडने गेले. त्यांच्या जागेची पोटनिवडणूक १७ एप्रिल २०२१ ला. तोवर सभा, फेऱ्या, गर्दी, सगळे चालले. सगळ्याच पक्षांचे चालले. २७ एप्रिलच्या रात्री कर्फ्यू लागला. मतदानापर्यंत रोग थांबला होता की काय देव जाणे.

मग दुकान सकाळी सहा ते दहा. दिवसभर विखरून येणारे गिऱ्हाईक चार तासांत एकदम अंगावर. गर्दी कमी करायचा हा उपाय कोणाच्या डोक्यातून आला असेल? १४ जूनला बऱ्याच जिल्ह्यांत सवलत मिळाली, अकरा जिल्हे वगळले, त्यात बेळगाव. धारवाडचा मेहुणा दुपारी दोनपर्यंत साखर विकत होता आणि मी दहाला शटर ओढत होतो.

बेळगाव, मूर्तिकार

आम्ही मोठ्या मूर्तींची कामे डिसेंबर-जानेवारीतच धरतो. इथे सार्वजनिक गणपती १९०५ पासून बसतो, मंडळांना उंच मूर्ती लागते, आणि आमच्याकडून चंदगड-गडहिंग्लजलाही माल जातो. २०२० ला आम्ही नेहमीप्रमाणे सांगाडे उभे केले, काहींचे अंग भरून झाले. मग दोन्ही सरकारांनी उंची ठरवली, सार्वजनिक चार फूट, घरगुती दोन फूट. इतर कशात एकमत झाले नाही ते यात झाले. मंडळांनी विसार परत मागितला. काहींनी सोडून दिला, त्यांची नावे मी लक्षात ठेवली आहेत.

त्या वर्षी शाडूच्या लहान मूर्तींवर घर चालले. मोठे गणपती शेडमध्ये ताडपत्रीखाली. पुढच्या वर्षी पुन्हा चार फूट. शेडचे भाडे चालूच, उंदरांनी एकाचा सोंडेकडचा भाग कुरतडला, दुसऱ्याचा हात निखळला. २०२२ ला उंचीचे बंधन उठले तेव्हा धूळ झाडली, हात जोडला, सोंड नवी केली, सगळ्यांना पुन्हा रंग दिला. पहिले गिऱ्हाईक आले, मूर्तीभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, "मामा, मूर्ती दोन वर्षांमागची हाय की. दर कमी करा."