नावावरून फंक्शन कॉल करणं म्हणजे आळस?

वजनकाटा:
स्थिरमती यांनी काल ठोकून दिलं: "कंपाइल्ड भाषेत रन-टाइमला (प्रोग्रॅम चालू असताना) नावावरून फंक्शन शोधणं हा डिझाइनचा आळस. ज्यांना हवंय त्यांनी पायथन लिहावं."

डोकं फिरलं वाचून. साखर कारखान्यांच्या काट्यांचं सॉफ्टवेअर करतो मी, सी प्लस प्लसमध्ये. प्रत्येक इंडिकेटर (वजन दाखवणारा डबा) वेगळ्या कंपनीचा, सिरियल पोर्टवरचा प्रोटोकॉल वेगळा. ऐन गाळपात रात्री इंडिकेटर जळतो, सकाळी हाती लागेल तो बसवतात, बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. तेव्हा मी अख्खा प्रोग्रॅम पुन्हा बिल्ड करत बसू? नवी एसओ फाइल (बाहेरून जोडायची लायब्ररी) टाकायची, डीएलओपनने उघडायची, डीएलसिमने नावावरून फंक्शन शोधायचं, काम चालू. तुम्ही लिनक्सवर लॉगिन करता तेव्हा ओळख तपासणारं पॅमसुद्धा मॉड्यूल असंच उचलतं. ते लिहिणारे आळशी का?

स्थिरमती:
पॅम तुमच्यावरच उलटतंय, साहेब. तिथे फंक्शनांची नावं आधीच ठरलेली; कॉन्फिगमध्ये येतं ते फक्त मॉड्यूलच्या फाइलचं नाव. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. आधीच्या नोकरीत डेटाबेसच्या कॉलममध्ये फंक्शनचं नाव ठेवून ते तसंच डीएलसिमला द्यायचे. तिथे कुणी 'सिस्टम', म्हणजे कुठलीही आज्ञा चालवणारं फंक्शन, टाइप केलं तर? सीच्या मूळ लायब्ररीतून, लिबसीमधून, तेही इमानदारीत शोधून देईल. मी बोललो तर "टीम प्लेयर नाही" असा शेरा पडला अप्रेझलमध्ये.

शिवाय डीएलसिम टाइप तपासतं का? व्हॉइड पॉइंटर (टाइप नसलेला पत्ता) हातावर ठेवतं, पुढे तुम्ही आणि तुमचं नशीब.

वजनकाटा:
ते नशीब भोगलंय. एका पुरवठादाराने पॅरामीटर इंटचा (पूर्णांक) डबल (दशांश संख्या) केला आणि कळवलंच नाही. एक्स८६-६४ लिनक्सवर पहिला इंट जातो आरडीआय रजिस्टरमधून (प्रोसेसरमधला कप्पा), डबल एक्सएमएम०मधून. त्यामुळे क्रॅशही नाही! तिथे पडलेली शिळी किंमत उचलून फंक्शन खुशाल वजन सांगत होतं. ट्रॅक्टरवाला भांडायला आला म्हणून कळलं. दोष डीएलसिमचा की न सांगणाऱ्याचा?

रस्टप्रेमी_नाशिक:
एक्स्टर्न सी (नाव साध्या सीसारखं ठेव, असं कंपायलरला सांगणं) लावून टाइपची पाटी तुम्हीच पुसलीत. जीसीसी कंपायलर दोन इंटवाल्या अ‍ॅडचं नाव _झेड३अ‍ॅडआयआय करतो. शेवटचे दोन आय म्हणजे दोन इंट. तेच नाव शोधलं असतं तर डबल झाल्यावर सापडलंच नसतं.

वजनकाटा:
आणि रिटर्न टाइप बदलला तर? साध्या फंक्शनच्या मँगलिंगमध्ये (नावात असे टाइप गुंफण्यात) तो नसतोच. शिवाय मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरचं मँगलिंग निराळं. तुमच्या रस्टला तर स्थिर एबीआयच (कंपाइल झालेल्या तुकड्यांनी एकमेकांना कॉल करण्याचा करार) नाही, प्लगइनला तुम्हीही एक्स्टर्न सीच लावता!

क्लिपरकाका:
मुलांनो, हे सगळं आम्ही डॉसच्या जमान्यात क्लिपर भाषेत केलंय. मेनू डीबीएफ डेटा फाइलमध्ये, निवडलं की '&' मॅक्रोने (मजकुरातलं नाव चालवणारं चिन्ह) फंक्शन कॉल. गंमत अशी की मॅक्रोतलं नाव लिंकरला (तुकडे जोडून ईएक्सई बनवणाऱ्याला) दिसायचं नाही, मग लायब्ररीतलं ते फंक्शन ईएक्सईमध्ये यायचंच नाही. एक्सटर्नल, म्हणजे 'हे फंक्शन घेच', असं लिहायचं विसरलं की गिऱ्हाइकाकडे प्रोग्रॅम आडवा.

रस्टप्रेमी_नाशिक:
काका, क्लिपर कंपाइल्ड कुठे? पी-कोड होता तो, प्रोसेसरला थेट न कळणारा मधला कोड.

क्लिपरकाका:
लिंकर लागायचा, ईएक्सई निघायची, फ्लॉपीवर मावायची. तुमचं हॅलो वर्ल्ड केवढं होतं ते सांगा आधी! दुकानाचं अख्खं खातं चालायचं त्या पी-कोडवर.

फॉक्सप्रोवाली:
फॉक्सप्रोत, त्याच काळातल्या दुसऱ्या डेटाबेस भाषेत, हेच सगळं कमांड विंडोत टाइप करून लगेच बघता यायचं. क्लिपरवाले आपले लिंक होण्याची वाट बघत चहा पीत बसायचे.

क्लिपरकाका:
वाटलंच होतं कुणीतरी येणार. बाई, फॉक्सप्रोची ईएक्सई रनटाइमशिवाय चालवून दाखवा बघू.

स्थिरमती:
हे भांडण १९९२ सालीच मिटायला हवं होतं. पण काकांचा लिंकरचा मुद्दा आजही जिवंत आहे. स्टॅटिक लायब्ररीतलं फंक्शन कुणी थेट कॉल केलं नाही की लिंकर ते घेतच नाही. घेतलं तरी प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फंक्शनला डीएलसिम लावायचं तर बिल्ड करताना आरडायनॅमिक हा पर्याय द्यायचं राहून जातं, हाती नल, म्हणजे रिकामा पत्ता. म्हणून म्हणतो, नाव आणि फंक्शन पॉइंटरचा टेबल हाताने लिहा. जे टेबलात नाही, ते चालणार नाही.

वजनकाटा:
टेबल प्रोग्रॅमच्या आत. माझा ड्रायव्हर बाहेरून येतो, तोही बिल्ड झाल्यावर. तो टेबलात कोण घालणार, तुम्ही येणार का कारखान्यावर? आता प्रत्येक प्लगइनमध्ये एबीआय आवृत्ती सांगणारं फंक्शन सक्तीचं केलंय. आकडा जुळला नाही की लोडच करत नाही.

स्थिरमती:
म्हणजे ठरलेली नावं, ठरलेली आवृत्ती, बाकी सगळ्याला मज्जाव. पायथन लिहू नका, राहू दे. पण डेटाबेसमधलं नाव डीएलसिमला देणाऱ्यांची बाजू तुम्ही अजून एका ओळीनेही घेतलेली नाही, हे नोंदवून ठेवतो.

वजनकाटा:
घेणारही नाही. 'पायथन लिहावं' हे मागे घ्या, मग बोलू.